मोठ्या बाईंची भेटसेवा

"तुम्ही आता फक्त प्रार्थनेत आमच्या पाठीशी राहा, मोठ्या बाई," संडे स्कूलच्या टेबलामागची तरुण शिक्षिका म्हणाली आणि नावनोंदणीचा कागद तिने हलकेच आपल्याकडे ओढून घेतला.

मेथडिस्ट चर्चच्या मंडळीच्या सभागृहात उपासनेनंतर सेवेची टेबले मांडली होती. गायकवृंद, भुकेल्यांचे स्वयंपाकघर, तुरुंगभेट, जुन्या कपड्यांचे वाटप. ज्याला जे झेपेल ते त्याने उचलावे. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजेच मोठ्या बाई, प्रत्येक टेबलापाशी थांबून आल्या होत्या. गायकवृंदाने त्यांच्या आवाजाची प्रेमाने आठवण काढली, म्हणजे पूर्वीच्या आवाजाची. स्वयंपाकघराने सांगितले, आत फार धूर असतो. या मंडळीतल्या निम्म्या लोकांकडून त्यांनी एके काळी संडे स्कूलमध्ये शास्त्रवचने पाठ करून घेतली होती. आता तेच लोक लगबगीने त्यांना खुर्ची आणून देत होते. याहून सभ्य नकार अजून कुणाला सुचलेला नाही.

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. तडक पाळकसाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मला काम द्या. प्रार्थना मी घरी करते."

पाळकसाहेब हसले. हसणे त्यांच्या पेशातच मोडत होते. "परवाच तुमच्या चिरंजीवांचा फोन आला होता. आई स्वस्थ बसत नाही म्हणत होते."

"तो हजार कोसांवरून काळजी करतो. तेवढी त्याला परवडते. काम आहे की नाही?"

पाळकसाहेबांनी आवाज खाली आणला. "भेटसेवा आहे. एकट्या पडलेल्यांकडे जाऊन बसायचं. तुमच्या मागच्या गल्लीत डॉक्टरीणबाई राहतात ना, डॉक्टर गेल्यापासून एकट्याच आहेत. त्यांच्याकडे जात जा. पण एक नियम आहे. आपण सेवा म्हणून आलोय, हे समोरच्याला कधी कळू द्यायचं नाही. दया केलेली कुणाला आवडते? त्या देतील ते घ्या, तुमच्या घरी आल्या तर येऊ द्या. आणि स्वतःचं कमी सांगा."

शेवटची अट बाईंना जरा जड गेली. "हे नीट पार पाडलं, तर संडे स्कूल परत मिळेल?"

"सेवा-रविवारी मंडळीपुढे मान होतो सगळ्यांचा. मग बघू या की," पाळकसाहेब म्हणाले. वचन न देता वचन दिल्यासारखे बोलण्यात त्यांची हयात गेली होती.

पुढच्याच मंगळवारी बाईंनी डॉक्टरीणबाईंची घंटी वाजवली.

"अगंबाई, तुम्ही! मीच येणार होते तुमच्याकडे!"

एकटी माणसे असेच म्हणतात, बाईंनी मनात नोंद केली.

डॉक्टरीणबाई सावकाश आणि मोठ्याने बोलत. ज्यांचे कान गेले ते दुसऱ्यालाही बहिरे समजतात, हे बाईंना ठाऊक होते. त्यांनी समजुतीने घेतले. प्रश्नांची तर सरबत्ती असे. झोप लागते का? गोळ्या वेळेवर घेता ना? मुलाचा फोन येतो? स्वतःच्या आयुष्यात सांगण्याजोगे काही उरले नाही, की माणूस इतरांच्या गोळ्यांत रमतो, असे बाईंना वाटे. त्या बिचारीचे मन राखण्यासाठी त्या तासभर सविस्तर उत्तरे देत.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई परतभेटीला येत. येताना डब्यातून सूप आणत, बंद असलेला गॅस पुन्हा एकदा बंद करत. एकदा तर बल्ब बदलायला स्टुलावर चढल्या.

"अहो उतरा खाली! पडलात म्हणजे?"

"पडले तर तुम्ही आहात की उचलायला!" त्या वरूनच हसल्या. "मला कामं सांगत जा हो. संकोच कसला?"

बाईंनी काम सांगायला सुरुवात केली. पडदे धुवायचे होते, कपाटावरची धूळ होती. देतील ते घ्यायचे, हा नियमच होता. आणि बाईंनी आयुष्यात एकही नियम मोडला नव्हता.

एका मंगळवारी विषय निघाला बाईंच्या यजमानांचा. शेवटच्या दिवशी ते हाक मारत होते आणि आपण शेजारच्या खोलीत पेपर तपासत होतो, हे बाईंनी आजवर कुणालाही सांगितले नव्हते. ते सांगता सांगता त्या रडल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला. आपण रडल्यामुळे तिचे मन हलके झाले असणार, असे घरी येताना बाईंनी ठरवले. मात्र शुक्रवारी दुपारपासूनच त्या खिडकीशी उभ्या राहू लागल्या, याला काय नाव द्यावे हे त्यांना ठरवता आले नाही.

सेवा-रविवारी त्या ठेवणीतले कपडे घालून पुढच्या बाकावर बसल्या. मंडळीपुढे सेवेचा अनुभव सांगायची साक्ष तयार होती. त्या एकाकी जिवाचे नाव घ्यायचे नाही. त्याचे बहिरेपण, रिकामे दिवस आणि आपल्या पावलांकडे लागलेले त्याचे कान, एवढेच सांगायचे. संडे स्कूलची तरुण शिक्षिका समोरच होती. तिनेही ऐकावे.

"भेटसेवा," पाळकसाहेबांनी पुकारले. "या वर्षी ज्या भगिनीने चिकाटीची कमाल केली..."

नाव येण्याआधीच बाई उठल्या. पुढे निघाल्या. पायरीपाशी कुणीतरी त्यांचे कोपर धरले. पाहतात तो डॉक्टरीणबाई. येऊ दे बिचारीला, बाईंना वाटले. जिची सेवा केली ती शेजारी उभी असली म्हणजे साक्षीला वजन येते.

टाळ्यांच्या गजरात पाळकसाहेबांनी मानाची फीत डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात घातली. मग माईक वाकवून त्यांनी तो मोठ्या बाईंच्या तोंडाशी आणला आणि त्यांच्या कानाशी सावकाश, मोठ्याने म्हणाले, "बोला बाई, घाबरू नका. ह्या ताई यायला लागल्यापासून तुम्हाला किती आधार झाला, ते सांगा मंडळीला."