सकाळची पहिली फुंकर

फुंकरीवरून फुफ्फुसाचा जुनाट आजार ओळखणाऱ्या नव्या यंत्रात रोज सकाळी पहिली फुंकर तंत्रज्ञबाईंचीच असे. निरोगी श्वासाला हिरवा दिवा लागला, की वहीत ‘यंत्र ठीक’ लिहायचं आणि पेशंट आत घ्यायचे. आज दिवा लाल लागला. “झालं, बिघडलं मेलं!” बाई करवादल्या. नळी बदलून त्यांनी पुन्हा फुंकलं. परत लालच. मग त्यांनी परवाच तपासणीत ठणठणीत ठरलेल्या वॉचमनकाकांना हाक मारली. “या वयात फुगे फुगवायला लावता होय!” म्हणत काकांनी नळी तोंडात धरली. बाईंना धुळीच्या माथी मारलेला, वर्षभर हळूहळू वाढत गेलेला खोकला आठवला, जिन्यावर लागणारी धाप आठवली. यंत्र बिघडलेलंच निघू दे, त्या मनात म्हणाल्या. दिवा हिरवा लागला. “चला, सुटलो! पेशंट सोडू का आत?” काकांनी विचारलं. बाईंनी वही ओढून लिहिलं: यंत्र ठीक.