नोंदवलेला नंबर

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मृण्मयीला कंपनीने कामावरून काढल्याचा ईमेल आला. पोह्यांची बशी तशीच ठेवून ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

बुधवारी सकाळी पेपरात आलं की कंपनीने नऊशे माणसं कमी केली आणि शेअर वधारला. बाकीच्या आयटी कंपन्याही वर गेल्या. तिच्या वडिलांनी, अच्युतरावांनी, मोबाइल उघडला. त्यांच्या निवृत्तीचे सहा लाख याच कंपन्यांच्या इंडेक्स फंडात होते. एका दिवसात बारा हजार वाढले होते. त्यांना आनंद झाला नाही, रागही आला नाही. त्यांनी आकडा पुन्हा वाचला.

फंड मृण्मयीनेच निवडून दिला होता आणि तेव्हा बजावलं होतं, "बाबा, याचा खर्च अगदी नाममात्र आहे. पण दहा वर्षं हात लावलात तर बघा!"

"अहो, तिच्या फ्लॅटचा हप्ता सोमवारी आहे," मृण्मयीची आई हळू आवाजात म्हणाली. "आपण भरून टाकू. तिला कळू देऊ नका, मानी आहे पोर."

अच्युतरावांनी एक लाख काढण्यासाठी बटण दाबलं. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, असं स्क्रीनवर आलं. त्यांचा फोन गप्पच राहिला. मग त्यांना आठवलं, खातं उघडताना "तुमचा फोन सारखा बंद असतो" म्हणत मृण्मयीने स्वतःचाच नंबर दिला होता.

दहा वाजता बंद दाराआड मृण्मयीचा फोन एकदा वाजला. साडेदहा वाजेपर्यंत दार उघडलं नव्हतं.