माणसांसाठीची ओळ

सकाळी लॅपटॉप पुन्हा बंद पडलेला दिसला, तेव्हा मुकुंदरावांनी नसीमला फोन लावला. नसीम त्यांच्या बायकोची, शैलाची, ऑफिसातली मैत्रीण. शैलाला जाऊन चार महिने झाले होते.

"झाकण मिटलं तरी लॅपटॉप जागा राहील असं शैलाताईंनी करून ठेवलंय, भाऊजी. म्हणून बॅटरी उतरते. लिनक्स आहे; सांगते तसं टाइप करा."

सेटिंगची फाइल उघडली. इंग्रजी ओळींमध्ये एक मराठी ओळ होती. त्यांनी नसीमला तसं सांगितलं.

"तिच्या सुरुवातीला जाळीसारखी खूण आहे ना? मग ती मशीन वाचत नाही, माणसांसाठी असते."

त्यांनी वाचली. 'झाकण मिटल्यावर झोपवू नये. हे भाकऱ्या थापताना पीठ उडेल म्हणून झाकण मिटतात आणि गाणं थांबतं.'

शैला गेल्यापासून त्यांनी परात काढली नव्हती. दोन वेळा डबा येत होता.

"खालची ओळ पुसा. बॅटरी दिवसभर पुरेल."

"राहू दे ती," मुकुंदराव म्हणाले. "नसीम, चार महिन्यांपूर्वीच्या ज्वारीच्या पिठाची भाकरी होईल का गं?"

"छे! विरी गेली असेल. तुटेल भाकरी. नवं दळून आणा."

"किती दळू?" ते म्हणाले. "एकट्याला किती लागतं?"