पाणी सोड

२०१८ सालच्या जानेवारीत, सांडोरच्या केळीच्या वाडीत उभी राहून हेमालीने बापाच्या हातात मोबाइल दिला.

"बाबा, यात बोलायचं. 'पाणी सोड' दीडशे वेळा, 'पाणी बंद' दीडशे वेळा. तुम्ही रोज बोलता तसंच."

"तीनशे वेळा?" हरिश्चंद्र हसले. "एवढ्यात तर तुझी आईपन ऐकत नाय."

यशोदा केळ्यांचा लोंगर उतरवत होती. "आधी धड एकदा तरी बोला," ती म्हणाली.

पोरीचं हे वेड यशोदाने सातवीपासून बघितलं होतं. शाळेच्या संगणकावर चार ओळी लिहून हेमालीने चांदण्यांचा त्रिकोण उमटवला, त्या दिवशी ती घरी येऊन जेवलीच नाही. त्याच वर्षी बाप शाळेच्या कार्यक्रमाला गेला आणि सगळ्यांत मोठ्याने पानी मागितलं, म्हणून मैत्रिणी हसल्या. तेव्हाही ती जेवली नव्हती. "पानी नाही, बाबा, पाणी! शिका ना जरा." आठ दिवसांत पोर ते विसरलीही. कॉलेजात तिने कॉम्प्युटरच घेतला. भाजी निवडतानासुद्धा पुटपुटायची, "हे असेल तर ते कर, नसेल तर हे."

"नवऱ्यालापन असंच सांग," यशोदा म्हणायची.

आता हेमाली एक डबा बनवत होती. बाबांचे गुडघे गेले होते. बांधावरून हाक दिली की डब्याने ती ओळखावी आणि विहिरीवरचा पंप सुरू व्हावा. एप्रिलमध्ये विरारला प्रदर्शन होतं. पहिल्या येणाऱ्याला पुण्याच्या संस्थेत पुढे शिकायला जागा मिळणार होती. हेमालीने रात्रंदिवस तोच ध्यास घेतला होता.

हरिश्चंद्र मात्र घरात बोलेनात. "पोरीसमोर लाज वाटते," म्हणत मोबाइल घेऊन एकटेच विहिरीवर जात. संध्याकाळी वाडीपलीकडच्या वसुंधराबाईंकडे केळी द्यायची नवीच सवय त्यांना लागली होती. बाई निवृत्त शिक्षिका.

"रोज फणी? एकट्या बाईला एवढी केळी लागतात?" यशोदाने टोमणा मारला.

"एकटं मानूस, बोलायला बरं वाटतं त्यांना."

मार्चअखेर तीनशे रेकॉर्डिंग भरली. हेमालीने ती न ऐकताच मशीनला शिकवायला घेतली.

"ऐकून तरी बघ," यशोदा म्हणाली.

"बाबांचा आवाज काय तपासायचा, आई? ऐकायचं ते मशीनने!"

पन्नास रेकॉर्डिंग तिने बाजूला ठेवली होती. त्यांच्यावर मशीनची परीक्षा घेतली. एकोणपन्नास बरोबर आली. पोर अंगणभर नाचली. डबा जोडून होईपर्यंत प्रदर्शन आलं, बाबांच्या हाकेवर तो चालवून बघायचं राहूनच गेलं.

प्रदर्शनात तिने दोन बादल्या, छोटा पंप आणि तो डबा मांडला. हरिश्चंद्र इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभे होते. त्यांचे ओठ सारखे हलत होते. देवाचं नाव घेत असतील, असं यशोदाला वाटलं.

परीक्षक आले. गर्दी झाली. "बाबा, म्हणा," हेमाली कुजबुजली.

"पानी सोड!"

अगदी वाडीत रोज ओरडतात तसंच. डबा ढिम्म.

"पानी सोड!" या वेळी आणखी जोरात.

काहीच हललं नाही. हरिश्चंद्रांचा चेहरा पांढराफटक पडला. तिसऱ्यांदा म्हणायला ते डब्याजवळ वाकले. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले.

परतताना रिक्षात हरिश्चंद्र म्हणाले, "चूक माझी हाय, पोरी."

"उगाच समजूत घालू नका, बाबा. तुम्ही बरोबरच बोललात. माझा प्रोग्राम कच्चा. मीच कच्ची."



त्याच संध्याकाळी हेमालीने तीनशेच्या तीनशे रेकॉर्डिंग पुसून टाकली आणि त्या विद्येवर पाणी सोडलं. पदवी कशीबशी घेतली. आता ती नालासोपाऱ्याच्या एका शाळेत दाखले टाइप करते. चांगली करते, असं सगळे म्हणतात. डबा माळ्यावर आहे. हरिश्चंद्र शेवटपर्यंत लंगडत जाऊन पंपाचं बटण दाबत राहिले आणि २०२३ साली गेले. त्यांचा आवाज घरात कुठेच उरला नाही. पंप आता यशोदा लावते.

वसुंधराबाई मुलाकडे जूचंद्रला राहायला गेल्या होत्या. तेराव्याला त्या आल्या आणि त्यांनी एक जुनी वही यशोदाच्या हातात ठेवली. हरिश्चंद्रांचं वाकडं अक्षर, पानामागून पान, एकच ओळ: पाणी सोड, पाणी सोड, पाणी सोड.

"तीन महिने रोज माझ्यासमोर बसून 'ण' घोटला त्यांनी," बाई म्हणाल्या. "जीभ वळली की तसेच विहिरीवर पळायचे, मोबाइलमध्ये भरायला. म्हणायचे, 'बाई, पोरीच्या मशीनला आमचं गावठी पानी पाजायचं नाय.'"