तोंड पानात हवं

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. एका फोटोची गोष्ट सांगतो. लांबण लावत नाही, फक्त कान इकडे असू द्या.

कारखान्याच्या फाटकासमोर नात उभी होती. गळ्यात स्वतःचा कॅमेरा, हातात आजोबांनी काढलेला जुना फोटो. दोन पावलं मागे जायची, एक पुढे यायची, फोटो डोळ्यांसमोर धरायची आणि मान हलवायची. जमत नव्हतं.

आजोबा वर्तमानपत्राचे फोटोग्राफर. एका देखाव्यावर दुसरी फिल्म कधी वाया घालवली नाही, म्हणून कचेरीत त्यांना 'नेमबाज' म्हणत. ते जिथं जिथं उभे राहिले, तिथं आता नात उभी राहत होती आणि तोच देखावा नव्यानं टिपत होती. जुना फोटो आणि नवा, शेजारी शेजारी लावून प्रदर्शन मांडायचं होतं. पूल, कोर्टाच्या पायऱ्या, सर्कशीचं मैदान, सगळं चुटकीसरशी जुळलं. म्हातारा प्रत्येक ठिकाणी पोरासारखा पुढे धावायचा आणि "इथं नाही गं, चार बोटं तिकडे" म्हणत तिला ढकलायचा. या फाटकाशी यायचं म्हटलं, की मात्र आज गुडघा, उद्या सर्दी. शेवटी तिनं ओढूनच आणलं. तर समोरच्या चष्म्याच्या दुकानातून मागून घेतलेल्या खुर्चीवर ते बसले, तेही फाटकाकडे पाठ करून.

नातीच्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

"आजोबा, फोटोत जिना फाटकाच्या डावीकडे आहे. इथं तर उजवीकडे."

"नवा बांधला असेल."

"पायऱ्या झिजून वाट्या झाल्यात. हा नवा?"

"मग माझं डोकं झिजलं असेल. ऊन उतरलं, चल घरी."

ऊन चांगलं डोक्यावर होतं.

फोटो संपाच्या दिवसाचा. तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस, हात मागे ताणलेला, मुठीत दगड. या एका फोटोनं आजोबांना बक्षीस दिलं, नाव दिलं. प्रदर्शनाच्या मधल्या भिंतीवर हाच लागायचा होता.

चष्मेवाली बाई आजोबांसाठी पाणी घेऊन आली. पेला त्यांच्या हातात देताना तिची नजर फोटोवर गेली.

"हे कुठून आणलंत? हे माझे बाबा."

"तुमचे?"

"तर काय! त्या दगडानं पहारेकऱ्याचा डोळा गेला. तोंडाला रुमाल आहे, पण हात बघा ना, डावा. अख्ख्या कारखान्यात डावखुरे एकटे आमचे बाबा. डावऱ्याच म्हणायचे त्यांना. पोलिसांनी घरातून उचलून नेलं. सुटून आले तेव्हा केस पिकले होते. मरेपर्यंत एकच पालुपद, मी नव्हतो, मी तापानं घरी पडलो होतो." ती कोरडं हसली. "आई कामावर गेलेली, मी शाळेत. आई म्हणायची, माणूस खोटं बोलेल, फोटो कशाला बोलेल? मीही तेच म्हणायचे. शेवटी शेवटी त्यांनी सांगणंच सोडून दिलं."

दुकानात गिऱ्हाईक आलं, म्हणून बाई आत गेली. आजोबांच्या हातातला पेला तसाच भरलेला होता.

नातीनं पुन्हा फोटो पाहिला. या खेपेला तिनं हात सोडून सदरा पाहिला. खिसा उजव्या छातीवर होता, एरवी असतो तो डाव्या. इतकी वर्षं इतक्या माणसांनी हा फोटो पाहिला, पण जो तो दगड बघत राहिला. चौकटीत एखादं अक्षर असतं, तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती.

ती खुर्चीशी वाकली. "आजोबा, निगेटिव्ह उलटी लावून फोटो छापला होता?"

म्हातारा पेल्यात बघतच हळूच म्हणाला, "पहिलं पान, डावी कड. माणूस पानाबाहेर बघत होता. संपादक म्हणाले, तोंड पानात हवं, फिरव. रोज फिरवायचो आम्ही. मंत्री फिरवले, घोडे फिरवले. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि पोलीस आले तेव्हा?"

"त्यांनी छापलेला फोटो मागितला. निगेटिव्ह मागितली नाही."

"तुम्ही दिली नाहीत."

"तोवर बक्षीस जाहीर झालं होतं गं." त्यांनी तिचं मनगट धरलं. "साऱ्या जन्मावर बोळा फिरवू नकोस. मी गेल्यावर सांग."

तिनं एकेक बोट सोडवून मनगट मोकळं केलं आणि ती दुकानात गेली. गिऱ्हाईक निघून गेलं होतं. काउंटरवर चष्मा घालून बघायचा आरसा होता. तिनं फोटो त्याच्यासमोर धरला.

"ताई, इथं बघा. फोटोत नाही, आरशात."

बाईनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. आरशात जिना फाटकाच्या उजवीकडे होता, दुकानाच्या दारातून दिसत होता तसाच. खिसा डाव्या छातीवर. दगड उजव्या हातात.

बाईनं आरशातल्या दगडावर बोट टेकवलं.

"बाबांना," ती म्हणाली, "उजव्या हातानं साधं कुलूपसुद्धा उघडता यायचं नाही."

फोटोतला तो कोण, ते काही कळलं नाही मायबापहो. त्याचं तो आणि देव बघून घेतील. तुम्ही आठवण ठेवायचीच, तर जो फोटोत नव्हता त्याची ठेवा.