ब्रह्मदेशातला फोटो

पासष्टच्या लढाईचे दिवस. रांझीच्या लष्करी कारखान्यात लागोपाठ दोन पाळ्या करून बापूसाहेब घरी यायचे ते सुनेवर खेकसतच.

"ब्रह्मदेशात जखमी गड्याला पाठीवर घेऊन मी सहा मैल चाललो, सूनबाई! अन् तुझा बाप काहून गेला होता फौजेत? भांडी घासायला?"

लतिका ऐकत ऐकत त्यांचं ताट वाढायची. तिचे वडील फौजेत स्वयंपाकी होते, हे खरंच होतं.

एका दुपारी ब्लॅकआउटसाठी खिडकीच्या काचांना लावायला ती काळा कागद शोधत होती. तेव्हा सासऱ्यांच्या ट्रंकेच्या तळाशी तिला फौजेतला एक फोटो सापडला. गुडघाभर चिखलातून एक शिपाई जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन चालला होता. पाठीवर मान टाकून पडलेले होते बापूसाहेब, आणि त्यांना वाहून नेणारे होते तिचे वडील.

बापूसाहेब सायकल लावून आत आले, तसा तिनं फोटो त्यांच्यापुढे आपटला.

"माझ्या बाबांनी तुम्हाला जिवंत आणलं, मामंजी! अन् आजवर एका शब्दानं बोलले नाहीत ते. आमच्या लग्नात स्वयंपाकी म्हणून हिणवून भरल्या पंगतीतून हात धरून उठवलं तुम्ही त्यांना. तेव्हापासून या घराची पायरी नाही चढले. ज्यानं जीव वाचवला, त्याला ओळखलंही नाही तुम्ही?"

बापूसाहेबांनी फोटो उचलला आणि टराटरा फाडला.

"ओळखलं होतं. म्हणूनच तर उठवलं."