गिरण फिरली तर

“ही गिरण फिरली, तर मी भर चावडीसमोर फुगडी घालीन,” शेजारच्या शेवंताकाकू रोज म्हणायच्या.

धरणाच्या पाण्यात रस्ता बुडाल्यापासून गावाचं दळण होडीनं पलीकडच्या काठाला जायचं. सरकारनं धरणाची वीज द्यायचं कबूल केलं, तेव्हा तारा यायच्या आधीच केतकीच्या आईनं बचतगटाला पटवून पिठाची गिरण आणून ठेवली होती.

आज वीज आली. वायरमननं मोटार जोडली, आईनं नमस्कार करून खटका दाबला आणि गिरण फिरली, पण उलटी. पीठ काही पडेना.

“नदी अडवून केलेली वीज ही. सुलटी कशी फिरेल?” काकू म्हणाल्या. आईचा चेहरा एवढासा झाला.

“दोन वायरींची अदलाबदल केली की झालं, वहिनी,” म्हणत वायरमननं ती केलीसुद्धा. पुन्हा खटका दाबताच नाचणीचं गरम पीठ भसाभस डब्यात पडू लागलं. केतकीनं आईला मिठी मारून उड्याच मारल्या.

काकू गुपचूप सटकत होत्या. केतकीनं पिठानं माखलेले हात त्यांच्यापुढे धरले. “चला काकू, चावडीसमोर.”

काकूंनी पदर खोचला. “येते गं. पण उलटी फिरू की सुलटी, ते आधी ठरव.”